एक वायर, घरभर नेट



गटांकडून आमच्याकडे प्रश्न येतात, त्यात गेले काही महिने एक प्रश्न सारखा येतोय. बार्शीकडून आला, मोहोळकडून आला, मंगळवेढ्याकडून आला. शब्द वेगळे, दुखणं एकच. केबलवाला आला, वायर टाकली, डबा बसवला, पासवर्ड थोरल्या मुलाला सांगून गेला. आता मुलगा पुण्याला नोकरीला, डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय, आणि बाई 'लाडकी बहीण'चं ई-केवायसी करायला स्टँडजवळच्या दुकानात रांगेत उभी. घरच्या नेटचे महिन्याचे पैसे चालूच आहेत, ते वेगळे. म्हणून आज आपण या डब्याची ओळख करून घेऊ. त्याला राउटर म्हणतात. तो लावायला इंजिनियर लागत नाही. शिलाई मशीनमध्ये दोरा ओवता येणाऱ्या बाईला तो लावता येतो, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिलंय.

आधी वायरीचं बघू. टीव्हीची केबल आपल्याकडे आली नव्वदच्या दशकात. खांबावरून, चिंचेवरून, कुणाच्या तरी पत्र्यावरून वायरी ओढलेल्या असायच्या. त्याच केबलवाल्यांपैकी पुष्कळांनी पुढे नेट द्यायला सुरुवात केली. आज हे नेट घरात येतं ते तीनपैकी एका रूपात. एक, टीव्हीची असते तशी जाड गोल काळी वायर. ती मोडेम नावाच्या डब्यात जाते. दुसरी, टेलिफोनसारखी पण जरा रुंद प्लास्टिकची पिन असलेली वायर. तिला लॅन वायर म्हणतात. तिसरी म्हणजे फायबर. ही अगदी बारीक असते आणि तिच्यात तांबं नसतं, केसासारखी काच असते. काचेतून उजेड जातो आणि उजेडाबरोबर नेट. हिला कधी मुरगळायचं नाही, खिळ्याला गुंडाळायचं नाही. आतली काच मोडली की बाहेरून काही दिसत नाही आणि नेट मात्र जातं. फायबर ज्या डब्यात शिरते त्याला केबलवाले ओएनयू म्हणतात.

आता राउटरचं काम. उजनीच्या कालव्याचं पाणी आठवा. फाट्यावरून आपल्या चारीला पाणी येतं ते एकच, पण पुढे ते पाच जणांच्या रानात जायचं असतं. पाटकरी बसलेला असतो म्हणून ते वाटलं जातं. राउटर म्हणजे घरातला पाटकरी. केबलवाला तुमच्या घराला एकच जोडणी देतो, एकच पत्ता देतो. घरातले चार मोबाईल, एक टीव्ही, मुलीचा लॅपटॉप असे सहा जण त्या एका पत्त्यावरून जगाशी बोलतात. कुणी काय मागितलं हे राउटर लक्षात ठेवतो आणि आलेलं उत्तर बरोबर त्याच्याच हातात देतो. आजीचं कीर्तन आजीच्या मोबाईलवर येतं आणि नातवाचं क्रिकेट नातवाच्या, ते त्यामुळेच.

पाणी मात्र वाटलं की कमी होतं, हेही लक्षात ठेवा. केबलवाला सांगतो, "ताई, चाळीस एमबीपीएसचा प्लॅन आहे." हा आकडा बिटमध्ये असतो. आपल्या मोबाईलमधल्या फाइली मोजतात त्या बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० ला ८ ने भागा. सेकंदाला ५ एमबी उतरतं, तेही घरात दुसरं कुणी नेट वापरत नसेल तर. एक हजार एमबीचा सिनेमा उतरवायला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागणार. त्याच वेळी गटाचा व्हिडिओ कॉल चालू असेल तर कॉल अडखळणार. यात केबलवाल्याची दर वेळी लबाडी नसते.

दुकानात जाण्याआधी घरातला डबा उलटा करून बघा. खालच्या लेबलवर वायफायचं नाव आणि पासवर्ड छापलेला असेल तर तुमच्या ओएनयूमध्येच राउटर आहे. दुसरा विकत घ्यायची गरज नाही. तसं नसेल तर साधा घरगुती राउटर पुरतो, सहा अँटेनांचा नको. अँटेना जास्त म्हणजे नेट जास्त, असं काही नाही.

केबलवाला घरात असतानाच त्याला विचारायचं, "दादा, माझं कनेक्शन युजरनेम-पासवर्डवर चालतं का आपोआप?" युजरनेम असेल तर ते त्याच्याकडून आपल्या वहीत लिहून घ्यायचं, इंग्रजीत, मोठं अक्षर कुठलं आणि लहान कुठलं ते स्पष्ट करून. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. तोंडात बसत नाही, पण राउटरच्या स्क्रीनवर हीच इंग्रजी अक्षरं दिसतील. हे युजरनेम हातात नसेल तर डबा एकदा कोरा झाला की तुम्ही केबलवाल्याच्या वाटेकडे बघत बसणार. आणि लिहायचं ते घरच्या वहीत. गटाच्या वहीत नको, ती दहा हातांतून फिरते.

आता लावू या. राउटरच्या मागे सहसा एका रंगाची चार भोकं असतात आणि एक भोक वेगळं, बऱ्याचदा निळं. त्याच्यावर डब्ल्यूएएन किंवा इंटरनेट असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, नाहीतर पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र असतं. केबलवाल्याकडून आलेली वायर याच भोकात. मोडेम किंवा ओएनयू वेगळा असेल तर त्याच्यापासून या भोकापर्यंत छोटी लॅन वायर. बाकीची चार भोकं घरातल्या कॉम्प्युटरसाठी आणि टीव्हीसाठी. चुकून केबलवाल्याची वायर त्या चारांपैकी एकात गेली तर दिवे सगळे लागतात, नेट मात्र येत नाही. एवढ्यावर भागलं तरी ठीक. जिथे गल्लीभर जुन्या पद्धतीची लॅन वायर फिरवली आहे तिथे अशा वेळी तुमचा राउटर शेजारच्या घरांनाही पत्ते वाटायला लागतो आणि गल्लीतल्या चार घरांचं नेट बंद पडतं. भांडण होतं आणि कारण कुणालाच कळत नाही!

आधी मोडेम किंवा ओएनयू चालू करा, दोन मिनिटं थांबा, मग राउटर. मोबाईलचा डेटा बंद करा. वायफायच्या यादीत लेबलवरचं नाव दिसेल, तिथला पासवर्ड टाकून जोडून घ्या. मोबाईल म्हणेल की याला इंटरनेट नाही, दुसरीकडे जाऊ का? नाही म्हणा. अजून आपण नेट मागितलेलंच नाही, फक्त राउटरच्या घरात शिरतोय. मग क्रोम उघडून, जिथे वेबसाइटचं नाव टाकतो तिथे लेबलवर दिलेला पत्ता टाका. बहुतेक तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. टाकताना आकडे इंग्रजी, मध्ये टिंबं. हा पत्ता बाहेरच्या जगातला नसतो, तुमच्या उंबऱ्याच्या आतला असतो. म्हणून नेट नसतानाही तो उघडतो.

आत गेल्यावर राउटर सहसा पहिल्यांदा मालकीणबाईंचा पासवर्ड मागतो किंवा नवा ठरवायला सांगतो. याला ॲडमिन पासवर्ड म्हणतात. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा. वायफायचा पासवर्ड म्हणजे घरात यायची परवानगी, ॲडमिन पासवर्ड म्हणजे तिजोरीची किल्ली. पुष्कळ राउटरांना कारखान्यातूनच 'ॲडमिन' हाच शब्द नावालाही आणि पासवर्डलाही दिलेला असतो, आणि ही गोष्ट जगाला माहीत आहे. कुणी त्या किल्लीने आत शिरलं तर तुम्ही बँकेची साइट मागाल आणि तो तुम्हाला तशाच दिसणाऱ्या खोट्या साइटकडे वळवू शकतो. म्हणून हा पासवर्ड पहिल्यांदा बदला.

मग कनेक्शनचा प्रकार विचारला जाईल. केबलवाल्याने युजरनेम दिलं असेल तर पीपीपीओई निवडून ते भरा. आपोआप म्हणाला असेल तर 'डायनॅमिक' निवडा. त्यानंतर वायफायला नाव द्या. नावात आडनाव, घर नंबर नको. सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए-टू किंवा डब्ल्यूपीए-थ्री ठेवा. 'ओपन' कधीच नाही. सेव्ह केलं की मोबाईल वायफायमधून बाहेर फेकला जातो. इथे बऱ्याच जणी घाबरतात. वायफायचं नाव बदललंय, म्हणून जुनी जोडणी तुटली, इतकंच. नव्या नावाने पुन्हा जोडा.

एवढं सगळं बरोबर करूनही नेट आलं नाही तर एक जुनी खोड असते. काही केबलवाल्यांची यंत्रणा एका कनेक्शनला एकच यंत्र ओळखते. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक नंबर मिळतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. आधी वायर लॅपटॉपला लावलेली होती आणि आता राउटरला लावली, तर यंत्रणेला चेहरा अनोळखी वाटतो आणि ती दार उघडत नाही. फोन करून एवढंच म्हणायचं, "दादा, राउटर नवा आहे, मॅक रिसेट करा." हे वाक्य बाईच्या तोंडून ऐकलं की समोरचा माणूस जरा सरळ बोलतो.

पासवर्डवर थोडं जास्त बोलू. २००८ साली २६ जुलैला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी टीव्ही वाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो थेट नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरात पोहोचला. त्या घरातल्या माणसाचं वायफाय कुलूप न लावलेलं होतं, ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. पण पत्ता त्या घराचा निघाला, म्हणून चौकशी त्या घराची झाली. मघाशी आपण म्हणालो ना, घराला बाहेरून एकच पत्ता असतो. तुमच्या वायफायवरून कुणीही काहीही पाठवलं तरी पोलीस आधी तुमच्या दारात येणार.

तेव्हा पासवर्ड मोबाईल नंबर नको, मुलाची जन्मतारीख नको. आणि पंढरपूरच्या बाजूच्या मैत्रिणींनो, विठ्ठल एक-दोन-तीन हा तर अजिबात नको. अर्धी आळी पहिल्या फटक्यात ओळखेल. तीन-चार साधे शब्द ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही, ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, मध्ये एखादा आकडा घाला. बारा अक्षरांच्या वर गेलात की चांगलं. पाहुण्यांसाठी बऱ्याच राउटरांत 'गेस्ट' नावाचं वेगळं वायफाय काढता येतं. सुट्टीत भाचे आले की त्यांना ते द्या, गेले की बंद करा.

शेजारणीला द्यायचं का? हा प्रश्न अवघड आहे, कारण आपल्याकडे विरजणापासून सगळं मागितलं की देतात. घरी बसून तिने एखादा अर्ज भरला तर काही बिघडत नाही. पण कायमचा पासवर्ड देऊन निम्मे पैसे घेणं हे घरगुती प्लॅनच्या अटींत सहसा बसत नाही, आणि जबाबदारी बिलावर ज्याचं नाव त्याची. गटाला चार पैसे मिळावेत असं वाटत असेल तर रीतसर वाट आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकान, चहाची टपरी, गिरणी अशा ठिकाणी कुणीही लोकांना वायफाय विकू शकतं आणि त्यासाठी सरकारी लायसन्स लागत नाही. गिऱ्हाइकाची नोंद आणि ओळख ठेवायचं काम त्या योजनेतली कंपनी करते. गटाचं दुकान असेल तर हा विषय बैठकीत घ्यायला हरकत नाही.

बिलावर नाव कुणाचं, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो, हेही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, इंटरनेट कधीतरी वापरलंय का असं विचारलं होतं. गावाकडच्या भारतात शंभरातल्या साधारण ४९ पुरुषांनी हो म्हटलं, आणि बायकांपैकी साधारण २५ जणींनी. अर्ध्यावर अर्धं. घरात नेट एकाच मोबाईलमध्ये असलं की मोबाईल रानात गेला तर नेटही रानात जातं. राउटर घरातच राहतो. पण त्याच्या किल्ल्या धन्याच्या किंवा मुलाच्या डोक्यात असल्या तर बाईला काय उपयोग? केबलवाल्याकडे तुमचा नंबर नोंदवून घ्या. दोघांचे घेता आले तर दोघांचे.

जागेचंही तसंच आहे. केबलवाला डबा बसवतो तो टीव्हीशेजारी, म्हणजे पुढच्या खोलीत, जिथे गडीमाणसं बसतात. वायर तिथेच संपते, त्याला ते सोपं. पण आपली घरं बघा. जुन्या माळवदाच्या घरांत हातभर रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती. वायफायच्या लहरी त्यातून जाताना निम्म्या गळतात. पत्र्यातून तर जवळजवळ जातच नाहीत. म्हणून स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत, जिथे लेक अभ्यासाला बसते, तिथे एक दांडी. डबा भिंतीतल्या देवळीत, लोखंडी कपाटात, फ्रीजमागे किंवा पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवू नका. लोखंड लहरी अडवतं आणि पाणी शोषून घेतं. घराच्या मधोमध, दाराच्या रेषेत, डोक्याच्या उंचीला ठेवा. लांब लॅन वायर घेऊन डबा मधल्या खोलीत आणता येतो, खर्च फार नाही. राउटर दोन वायफाय देत असेल तर २.४ वालं भिंतीपलीकडे लांब पोहोचतं, ५ वालं जवळ असताना वेगवान चालतं. मागच्या खोलीत २.४ जोडा.

नेट हळू चालतंय अशी तक्रार करण्याआधी एक करून बघा. डब्याजवळ उभं राहून व्हिडिओ लावा, मग मागच्या खोलीत लावा. जवळ चांगलं आणि मागे वाईट असेल तर दोष भिंतीचा. दोन्हीकडे वाईट असेल, तेही घरातल्या बाकीच्यांचे मोबाईल बंद असताना, तर दोष लाइनीचा. मग फोन करायला हक्काने करा.

दिवेही बोलतात. ओएनयूवर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला म्हणजे बाहेरून उजेडच येत नाही, फायबर कुठेतरी तुटली. ट्रॉलीभर ऊस गेला की खाली लोंबणारी वायर तुटते, हे आपल्या भागात नवं नाही. अशा वेळी राउटरशी कितीही खेळलात तरी उपयोग नाही, केबलवाल्यालाच बोलवा. लाल दिवा नाही, पीओएन लिहिलेला हिरवा दिवा स्थिर आहे, तरी नेट नाही, तर बहुतेक प्लॅन संपलाय किंवा युजरनेम पुसलं गेलंय. बाकी सगळं ठीक दिसत असेल तर दोन्ही डब्यांची वीज काढा, मिनिटभर थांबा, आधी ओएनयू मग राउटर चालू करा. बरीच दुखणी एवढ्यावर जातात. मागचं बारीक भोक, ज्यात टाचणी घालतात, त्याला मात्र हात लावायचा नाही. ते दहा सेकंद दाबलं की राउटर कोरा होतो, सगळ्या नोंदी जातात. मुलं मोबाईलवर बघून हे करतात. आपली वही असेल तर पुन्हा भरता येतं.

लाइट गेली की राउटर बंद, हे सोलापूरकरांना सांगायला नको. राउटर अगदी थोडी वीज खातो, दहा वॅटच्या आसपास. त्याच्यासाठी हाताएवढा छोटा यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास खेचतो. घेताना राउटरच्या चार्जरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून घ्या, बहुतेक १२ असतात, काहींचे ९. चुकीचा घेतला तर डबा जळेल. ओएनयू वेगळा असेल तर तोही त्याच यूपीएसवर लावायला हवा, नाहीतर राउटर जागा आणि नेट झोपलेलं. उन्हाळ्यात डबा पत्र्याला लागून असलेल्या फळीवर ठेवू नका, टीव्हीवरही नको. गरम झाला की तो आपोआप मंदावतो.

आणि वळीव. मे महिन्यात दुपारी आभाळ काळं झालं की आपण वाळवणं आत घेतो, तेव्हाच राउटरची वीज काढायची. ज्यांच्याकडे खांबावरून लॅन वायर किंवा जाड काळी वायर येते त्यांनी ती वायरही डब्यातून उपसून ठेवायची, कारण तिच्यात तांबं आहे आणि वीज त्या वाटेनेही घरात शिरते. फायबरवाल्यांना एवढी भीती नाही, काचेतून वीज वाहत नाही. पण काही फायबरला लटकवण्यासाठी बाजूने लोखंडी तार असते. ती घराच्या पत्र्याला बांधलेली असेल तर केबलवाल्याला सांगून सोडवून घ्या.

पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, हे याआधीही सांगितलंय, पुन्हा सांगतो. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवून ठेवायची शक्यता जास्त.

राहिला जुना राउटर. भंगारवाल्याला द्यायच्या आधी, किंवा बहिणीला द्यायच्या आधी, ते टाचणीचं भोक आता खुशाल दाबा. दहा-पंधरा सेकंद, दिवे एकदम विझून पुन्हा लागेपर्यंत. तुमचं युजरनेम आणि पासवर्ड त्याच्या आत अजून असतात. मग द्या.